ताट, पाणी, एसटी आणि होडी : पहिली-दुसरीला ‘आपले मदतनीस’ कसं शिकवावं

‘आपले मदतनीस’ हा विषय निघाला की बहुतेक शाळांत वेशभूषेचा दिवस ठरतो. पांढरा कोट, खेळण्यातला स्टेथोस्कोप, खाकी टोपी. मूल पुढे येतं, पाठ केलेली दोन वाक्यं म्हणतं, फोटो निघतो, टाळ्या पडतात. भाड्याचे कपडे आणताना पालकांची धावपळ होते ती वेगळीच. एवढं करून मुलाला काय कळतं, तर डॉक्टरचा कोट पांढरा असतो. गावात नळाला पाणी सोडणारे मामा, वायरमन, आशाताई, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी यांचा नंबरच लागत नाही, कारण त्यांना ठरलेला पोशाख नाही.

हा विषय नीट शिकवायचा तर एक गोष्ट धरून चालावी. कुठलाही मदतनीस एकटा काम करत नाही. त्याच्याकडे काम कुणाकडून तरी येतं आणि त्याच्याकडून ते पुढे कुणाकडे तरी जातं. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे समजतं, पण ते सांगून समजत नाही, काम स्वतःच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देऊन समजतं. म्हणून ‘मदतनीस’ आणि ‘मिळून काम करणं’ हे दोन वेगळे पाठ करू नयेत. खालच्या कृती सांगली जिल्ह्यातल्या तीसेक मुलांच्या, पहिली-दुसरी एकत्र बसणाऱ्या वर्गासाठी मांडल्या आहेत. रोज एक तासिका धरली तर दोन आठवडे पुरतात.

प्रत्येक मदतनीसाबद्दल तीनच प्रश्न विचारायचे आणि दोन आठवडे तेच विचारत राहायचे. आधी कोण? हे काय करतात? मग कोण? फळ्याच्या एका कोपऱ्यात हे तीन प्रश्न लिहून ठेवा आणि पुसू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलं आपणहून ‘मग कोण?’ विचारायला लागतात. तसं होत नसेल तर शिक्षक फार बोलतायत असं समजावं.

कुणाला निवडायचं

दहा-बारा मदतनीस घेऊ नका. चार किंवा पाच पुरे, आणि तेही मुलांनी स्वतः पाहिलेले. अग्निशमन दलाचा बंब वाळवा तालुक्यातल्या एखाद्या मळ्यातल्या मुलाने कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्यासाठी तो चित्रातला प्राणी. मिरजेच्या मुलाला मात्र दवाखाना जवळचा, कारण तिथे गल्लोगल्ली दवाखाने आहेत आणि बाहेरगावचे पेशंट रोज स्टेशनवर उतरताना दिसतात. तासगावात द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडवर काम करणारी माणसं घ्या. सांगली मार्केट यार्डाजवळच्या शाळेत हमाल आणि तोलाईदार घ्या. हळदीचं पोतं शेतातून निघून गाडीत चढेपर्यंत किती हातांतून जातं, हे त्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

घरच्यांच्या कामाची माहिती काढताना एक काळजी घ्या. ‘तुझे बाबा काय करतात?’ हा प्रश्न नको. वर्गात एखाद्याचे वडील नसतात, एखाद्याचे घरी बसून असतात, आणि मूल खाली मान घालतं. त्याऐवजी विचारा, ‘तुझ्या घरी सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं आणि काय करतं?’ याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. आजी चूल पेटवते, आई धारा काढते, चुलता दुधाचं कॅन घेऊन डेअरीवर जातो. इथेच पहिली साखळी मिळते.

दिवाळीनंतर वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं येत असतील तर त्यांच्या घरचं काम भिंतीवरच्या तक्त्यावर ठळक जागी लावा. मिळून काम कसं करतात ते दाखवायला याहून चांगलं उदाहरण जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. एक जण कोयत्याने ऊस तोडतो, दुसरा वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा बाजूला करतो, कुणी मोळी बांधतं, मग डोक्यावरून ती गाडीपर्यंत जाते. नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, म्हणजे कामाची मोजणीच दोघांची मिळून होते. त्या मुलाला मोळी कशी बांधतात ते ज्वारीच्या ताटांवर किंवा काड्यांवर करून दाखवायला सांगा. खरा कोयता मात्र वर्गात आणू देऊ नका.

पहिला दिवस ताटापासून

सुरुवात शाळेतल्याच पोषण आहारापासून करा. त्यासाठी कुठे जावं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही आणि शेवटी पोट भरतं.

परिपाठानंतर मुलांना पंधरा-पंधराच्या दोन गटांत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न्या. दाराच्या आत कुणी जायचं नाही, तिथे खडूने एक रेघ ओढून ठेवा. चूल पेटायच्या आत जायला हवं. फोडणी पडल्यावर गर्दी केली तर मावशींचा जीव टांगणीला लागतो आणि त्यांचंही बरोबरच आहे. तांदूळ मोजताना मुलांनी पाहावं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. तीस मुलं हजर असतील तर 3 किलो तांदूळ आणि 600 ग्रॅम डाळ. मुलांना आकड्यांत सांगून उपयोग नाही. एका मुलाचा 100 ग्रॅम तांदूळ कागदावर ओतून दाखवा, ‘हा तुझा’ म्हणून सांगा, आणि मग शेजारी तिसांचा ढीग दाखवा.

इथेच पहिली कडी सापडते. मावशींना किती तांदूळ घ्यायचा हे कसं कळलं? बाईंनी हजेरी सांगितली म्हणून. हजेरी बाईंना कशी कळली? मुलांनी ‘हजर’ म्हटलं म्हणून. म्हणजे साखळीतलं एक काम रोज सकाळी मूल स्वतः करत असतं. हे लक्षात आल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

वर्गात परत आल्यावर पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची कार्डं द्या आणि चित्रं काढून घ्या. शेतकरी, गाडीवाले, हजेरी घेणाऱ्या बाई, शिजवणाऱ्या मावशी, चव घेणारे गुरुजी (मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन वहीत नोंद करायची असते, ती वहीही दाखवा), वाढणारी मुलं, जेवणारं मूल, ताट धुणारं मूल. आठ कार्डं झाली. सुतळीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ती क्रमाने लावा. चिकटवू नका, पुढे ती हलवायची आहेत.

हमखास होणारी चूक म्हणजे मुलं जेवणारं मूल शेवटी लावतात आणि साखळी संपली म्हणतात. लगेच दुरुस्त करू नका. जेवण झाल्यावर उष्ट्याच्या बादलीजवळ उभं राहून विचारा, ‘मग कोण?’

पाहुणा बोलवायचा तर हत्यारासकट

पाहुण्याला ‘मुलांना मार्गदर्शन करा’ असं सांगितलं की तो भाषण करतो. ‘चांगला अभ्यास करा, मोठे व्हा’ म्हणतो आणि स्वतःच्या कामाबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून निरोप देतानाच स्पष्ट सांगा: वीस मिनिटं, भाषण नको, कामाचं एक हत्यार बरोबर आणा आणि ते कसं वापरता ते दाखवा. नारळ-शाल ठेवायची हौस असेल तर शेवटी ठेवा. आधी सत्कार केला की निम्मा वेळ त्यातच जातो.

पहिला पाहुणा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, म्हणजे पाणी सोडणारे मामा. सकाळचं पाणी सोडून झाल्यावर, अकराच्या पुढे त्यांना वेळ असतो. त्यांनी व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी आणावी. इंग्रजी टी अक्षरासारखी ती लांब कांब मुलांच्या उंचीपेक्षा मोठी भरते. एकेकट्याला उचलून बघू द्या, मग दोघादोघांना. एकट्याला जड जाते, दोघांना पेलते, आणि शिक्षकाला एक शब्दही बोलावा लागत नाही. उचलताना खालचं टोक कुणाच्या पायावर पडू नये म्हणून मामांनी स्वतः मधोमध धरून ठेवावी. बाकीची मुलं दोन हात लांब बसवा.

त्यांच्याकडे ओटी टेस्टचा संच असला तर फारच चांगलं. नळीत नळाचं पाणी घेऊन त्यात औषधाचा थेंब टाकला आणि पाणी पिवळं झालं, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. मुलं हा रंग विसरत नाहीत. थेंब मामांनीच टाकायचा. टीसीएल पावडरचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा डबा वर्गात अजिबात नको, त्या पावडरीच्या वासाने लहान मुलांचे डोळे चुरचुरतात आणि खोकला येतो.

मुलांच्या प्रश्नांची तयारी आदल्या दिवशी करून घ्या. तिघांना तीन प्रश्न वाटून द्या, नाहीतर पाहुणा समोर आल्यावर सगळे गप्प, किंवा पहिल्याने विचारलेलाच प्रश्न दहा जण विचारतात. प्रश्न त्यांच्याच भाषेत असू द्या. ‘मामा, रात्री पाणी सोडाय जाताना भ्या वाटत नाही का?’ हा प्रश्न ‘आपल्याला कामात कोणत्या अडचणी येतात?’ यापेक्षा शंभर पटीने चांगला, कारण त्याचं उत्तर खरं मिळतं.

मामांना एक प्रश्न शिक्षकांनी विचारावा: लाईट गेली तर? मोटर बंद, टाकी भरत नाही, नळ कोरडा. पाण्याच्या साखळीत वायरमन इथे आपोआप शिरतो आणि दुसरा पाहुणा ठरतो.

वायरमनने रबरी हातमोजे, सेफ्टी बेल्ट आणि पक्कड आणावी. त्यांच्याकडून एक गोष्ट मुद्दाम सांगून घ्या. खांबावर चढण्याआधी विजेच्या उपकेंद्रातून त्या लाईनचा पुरवठा बंद करून घेतात, त्याला परमिट घेणं म्हणतात. काम संपवून, खाली उतरून परमिट परत दिल्याशिवाय उपकेंद्रातला ऑपरेटर लाईन चालू करत नाही. खांबावरच्या माणसाचा जीव दूर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या हातात असतो. मुलांना हे खेळून समजतं. एक मूल खडूच्या गोलात उभं, तो खांब. दुसरं वर्गाच्या टोकाला लाल-हिरवं कार्ड घेऊन बसलेलं. गोलातल्याने ‘परमिट द्या’ म्हणायचं, दुसऱ्याने लाल कार्ड वर करून ‘लाईन बंद’ म्हणायचं, मगच काम सुरू. हिरवं कार्ड ‘परमिट परत’ ऐकल्यावरच. मुलांना बाकावर किंवा खुर्चीवर चढवून खांबाचा देखावा करू नका. तुटलेल्या तारेजवळ जायचं नाही, पतंग तारेत अडकला तर सोडून द्यायचा, हे वायरमनच्या तोंडून आलं की मुलं ऐकतात.

वादळ-वाऱ्याच्या दिवसांत वायरमनला ऐनवेळी जावं लागतं. त्या तासिकेसाठी दुसरी कृती हाताशी ठेवा, आणि ते का आले नाहीत हे मुलांना नीट सांगा. तोही धडाच आहे.

दोन घंट्या : एसटीचा खेळ

या दोन आठवड्यांत एकच खेळ घ्यायला वेळ असेल तर हा घ्या. चालक आणि वाहक ही जोडी मुलांनी पाहिलेली असते, पण ती एकमेकांशी बोलते कशी, ते कुणी नीट पाहिलेलं नसतं. एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. सगळी बस या दोन खुणांवर चालते.

सामान थोडं लागतं: चार-पाच मीटर सुतळी, बैलाच्या गळ्यातली एक घंटा किंवा घुंगरांचा पट्टा, एक जुनी चादर, आणि तिकिटांसाठी कागदाचे तुकडे. बाक नसले तर खडूने जमिनीवर चौकोन आखा, दोन ओळींत पाच-पाच, मध्ये जायला वाट. पुढे चालकाची जागा. चालकाच्या पाठीमागे चादर दोरीवर टाका, म्हणजे त्याला मागचं दिसणार नाही. हा पडदा टाळू नका, सगळा खेळ त्याच्यावरच उभा आहे. सुतळी खिडकीच्या गजांतून मागून पुढे न्या आणि घंटा चालकाच्या डोक्याजवळ लटकेल अशी बांधा. वाहकाने मागून ओढली की पुढे वाजली पाहिजे. सुतळी मुलांच्या डोक्याच्या वरून जाऊ दे. गळ्याच्या उंचीवर असली तर कुणीतरी अडकतं.

मार्ग आपल्या ओळखीचा घ्या. सांगली, विश्रामबाग, मिरज. तासगावकडच्या शाळेने सांगली, माधवनगर, कवलापूर, तासगाव घ्यावं. थांब्यांच्या पाट्या मुलांकडूनच लिहून घ्या.

पहिली फेरी घंटेशिवाय. चालकाला सांगा, तुला वाटेल तेव्हा निघ. तो ‘भुर्रर’ करून निघतो आणि कुणीतरी अर्धवट चढलेलं असतं. थांबवा आणि विचारा, चूक कुणाची? सगळे एकमुखाने म्हणतात, ‘ड्रायव्हरची!’ मग एकेकाला चालकाच्या जागी बसवून मागे काय दिसतं ते विचारा. पडदाच दिसतो. चूक कुणा एकाची नव्हती, मागचं पुढे कळवायला कुणी नव्हतं, हे मुलांच्या तोंडून येऊ द्या. दोन मिनिटं लागली तरी चालतील.

दुसऱ्या फेरीला वाहक आणि घंटा. तिसऱ्या फेरीत प्रवासी अवघड करा. बोचकं घेतलेली आजी, बाहुली कडेवर घेतलेली आई, पासवाली शाळकरी मुलगी, पुढच्या थांब्यावर उतरायचं विसरलेले आजोबा. दुसरीच्या मुलांना तिकिटाचा हिशोब द्या: पूर्ण तिकीट 10 रुपये, बायकांना आणि लहान मुलांना अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना फुकट. हे नियम मुलांनी खऱ्या बसमध्ये पाहिलेले असतात, त्यामुळे गणित आपोआप जुळतं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. वाहक दोन घंट्या इतक्या घाईने ओढतो की चालकाला एकच ऐकू येते आणि तो बसून राहतो. वाहकाला ‘टण... टण’ असं मध्ये श्वास घेऊन वाजवायला शिकवा. याच्या उलट, थांबलेल्या बसमध्ये पहिली घंटा ऐकताच चालक निघतो. त्याला सांगा, उभी बस दुसऱ्या घंटेशिवाय हलवायची नाही. कधी मागे बसलेली मुलं गंमत म्हणून सुतळी ओढतात. तेव्हा रागावण्याआधी बस अचानक थांबवा आणि सगळ्या प्रवाशांना विचारा की तुम्ही किती उशिरा पोचणार. मग वर्गातलीच मुलं त्या पोराला गप्प करतात. आणि एखादा वाहक प्रवाशांवर डाफरायला लागतो, कारण त्याने तेच पाहिलेलं असतं. ‘आजी, धरून बसा’ हे वाक्य त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या, पुढच्या फेऱ्यांत ते टिकतं.

तीस मुलांत दहा बसमध्ये, दहा थांब्यांवर, दहा बघणारी. बघणाऱ्यांना नुसतं बसवलं तर गोंधळ होतो. प्रत्येकाला बघायची एक गोष्ट द्या. वाहकाने घंटेआधी दार पाहिलं का? आजी बसल्यावर बस निघाली का? पाच-सात मिनिटांनी गट बदला. मुलींना चालक करा, मुद्दाम करा.

खेळ संपल्यावर सुतळीवरची कार्डं पुन्हा काढा. चालक आणि वाहक यांच्या आधी कोण? आगारात टायर आणि ब्रेक बघणारे मेकॅनिक, गाडी धुणारे, स्टँडवर फलाटाची गाडी पुकारणारे वाहतूक नियंत्रक.

पूर आणि होडी

कृष्णाकाठच्या शाळेत हा भाग टाळून चालत नाही. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आत्ताच्या पहिली-दुसरीच्या मुलांनी तो पाहिला नाही किंवा पाहिला असला तर पाळण्यातून, पण घरात आजीच्या बोलण्यात तो दर पावसाळ्यात येतो. मुलांच्या मनात भीती असते आणि माहिती नसते.

पुठ्ठ्याची 60 सेंटिमीटर लांबीची पट्टी कापा. एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट. 40 वर पिवळी खूण, ही इशारा पातळी. 45 वर लाल, ही धोका पातळी. निळ्या कागदाची दुसरी पट्टी शेजारून वर सरकवायची. पाणी 38, 39... आणि 40 ला आलं की विचारायचं, आता कोण काय करतं? कोयना धरणावरचे कर्मचारी पाणी सोडण्याआधी कळवतात, जिल्हाधिकारी कार्यालयातला नियंत्रण कक्ष तो निरोप पुढे देतो, तलाठी आणि पोलीस पाटील गावात सांगतात, ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून पुकारा होतो, घरातली माणसं जनावरं सोडून उंचावर नेतात, नावाडी आणि बचाव पथक अडकलेल्यांना आणतात, आणि कुठल्यातरी शाळेत त्यांच्यासाठी जेवण शिजतं. आठ मुलं ओळीने उभी करा आणि तोंडी निरोप कानात सांगत पुढे जाऊ द्या: ‘पाणी चाळीसवर, जनावरं हलवा.’ शेवटच्याला काय पोचलं ते मोठ्याने म्हणायला लावा. निरोप बहुतेक वेळा बिघडतो. मग दुसरी फेरी, पण या वेळी ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवायचा आणि मगच पुढे सांगायचा. निरोप शाबूत पोचतो.

पुराचे फोटो किंवा व्हिडिओ दाखवू नका. प्रत्येक फेरी माणसं कोरड्या जागी पोचली इथेच संपवा. एखादं मूल एकदम गप्प झालं तर त्याला पट्टी सरकवायचं काम द्या, पाणी खाली आणायचं.

जत, आटपाडीकडे पुराऐवजी टँकर घ्या, किंवा म्हैसाळ आणि टेंभू योजनेचं पाणी. नदीचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून माळावर येतं. एका टप्प्यावरचा पंप बंद पडला की पुढचे सगळे कोरडे. साखळी तीच.

होडीचा खेळ मैदानावर. सांगलीत कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्यामुळे मुलांना तो लगेच ओळखीचा वाटतो. सहा मीटर जाड सुतळीची गाठ मारून कडं करा. पाच मुलं एकामागे एक आत उभी, सुतळी कमरेजवळ दोन्ही हातांत धरलेली. ही होडी. सगळ्यात मागचं मूल ‘हय्या हो’ म्हणून ठेका देईल, त्या ठेक्यावर एकेक पाऊल टाकायचं. सुतळी जमिनीला टेकली की होडीत पाणी शिरलं, परत काठावरून सुरुवात. पळायचं नाही. पळालं की पुढचं मूल ओढलं जाऊन पडतं. पहिल्यांदा प्रत्येक होडी एकटीच चालवा, शर्यत दुसऱ्या दिवशी. आधीच शर्यत लावली तर मुलं ठेका ऐकत नाहीत, नुसती ओढाओढी होते आणि हरलेली होडी एका हळू मुलावर खापर फोडते. त्या हळू मुलाला ठेका द्यायला मागे ठेवा. त्याच्याच चालीने होडी चालते आणि बहुतेकदा टिकते तीच.

फोन

हे थोडक्यात, पण नक्की करा. 112 कुठल्याही संकटात, 108 रुग्णवाहिकेला, 1098 मुलांच्या मदतीला. तिन्ही एकदम पाठ करून घेऊ नका, पहिलीला 112 पुरे. नंबरापेक्षा पत्ता अवघड असतो. मळ्यात राहणारं मूल ‘आमचं घर रानात’ एवढंच सांगतं. प्रत्येकाला चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: नाव, गाव, काय झालं, आणि घराजवळची खूण. खूण म्हणजे डीपी, टाकी, मंदिर, बंद पडलेलं गुऱ्हाळ, काहीही. सराव पुठ्ठ्याच्या फोनवर करा. खऱ्या मोबाईलवर नको. तो लॉक असला तरी आपत्कालीन फोन लागतो आणि पलीकडचा माणूस खऱ्या कामात असतो.

सतरंजीची घडी

खेळ संपले की मिळून काम करणं संपतं, असं होऊ द्यायचं नसेल तर वर्गातली रोजची कामं गटांना द्या. सहा-सहाचे पाच गट: पाणी, सतरंजी, फळा, चपलांची ओळ, हजेरीचा निरोप. दर सोमवारी काम बदलायचं. हुशार मुलाला कायमचा मॉनिटर करायचं नाही. झाडू मुलींकडे आणि घंटा मुलांकडे असं नकळत होतं, त्यावर लक्ष ठेवा. काम एकट्याला उरकेल असं नसावं. एकट्याचं काम गटाला दिलं की एक राबतो आणि पाच बघतात.

सगळ्यांत चांगलं काम सतरंजीचं. चार कोपरे, चार मुलं, उरलेली दोघं खालची धूळ बघायला. सुरुवातीला चौघंही एकदम चालायला लागतात आणि मधोमध गोळा होतो. म्हणून जोड्या ठरवा: एक थांबणारी, एक चालणारी. थांबणारी जोडी आपले कोपरे घट्ट धरून जागची हलत नाही. चालणारी जोडी आपले कोपरे घेऊन त्यांच्यापर्यंत येते, कोपऱ्याला कोपरा लावते आणि त्यांच्या हातात देते. हातात पडल्याशिवाय सोडायचं नाही. घडीचं खालचं टोक आता मोकळ्या झालेल्या जोडीने उचलायचं आणि पुन्हा तेच. पुढच्या घडीला जोड्या उलट. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागतील. घाई करून शिक्षकांनी स्वतः घडी घालू नये, तेवढ्यासाठी मधल्या सुट्टीआधीची पाच मिनिटं जादा धरा.

कळलं का, हे कसं बघायचं

लेखी परीक्षा नको. सुतळीवरच्या ताटाच्या साखळीतलं एक कार्ड उलटं करा आणि एकेका मुलाला विचारा, ‘हे नसलं तर?’ हजेरी घेणाऱ्या बाईंचं कार्ड उलटं केलं आणि मूल ‘मग शाळा नसती’ म्हणालं तर ते अजून पोशाखावरच आहे, त्याला पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी न्या. ‘मग मावशीला तांदूळ किती घ्यायचा ते कळणार नाही’ असं म्हणालं तर त्याच्या नावापुढे खूण करा आणि पुढचं कार्ड त्यालाच उलटं करू द्या, शेजारच्याला विचारण्यासाठी.